दारफाळणीचा पाहुणा

माझे पप्पा कंपनीत माल तपासायचे आणि घरी आले की आम्हाला. पिंपरीच्या त्या कारखान्यात त्यांच्या टेबलाशेजारी तीन पेट्या असत, हिरवी, पिवळी आणि लाल. माप बरोबर भरलेला नग हिरवीत जायचा, घासूनपुसून सुधारण्यासारखा असेल तर पिवळीत आणि कामातून गेलेला लालमध्ये. ओके, रीवर्क, स्क्रॅप. निगडीतलं आमचं दोन खोल्यांचं बैठं घरसुद्धा याच तीन शब्दांवर चालायचं. आईची भाकरी एका बाजूनं करपली की पप्पा ती उलटसुलट करून बघत आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणत, "रीवर्क." माझा धाकटा भाऊ दानी, त्याची शुद्धलेखनाची वही बहुतेक वेळा स्क्रॅप. आई काही ऐकून घेणारी नव्हती. ती म्हणायची, "लग्नाच्या दिवसापासून तुम्हाला मी रीवर्कलाच घेतलंय, अजून माप बसत नाही." त्यावर पप्पाही हसायचे. पण एक गोष्ट ते कधीच हसत हसत बोलले नाहीत. पिवळ्या पेटीतला नग जो लाल पेटीत टाकतो तो तपासनीस आळशी, असं त्यांचं ठाम मत होतं. "फेकून द्यायला अक्कल लागत नाही, लेया," ते मला सांगायचे. मी तेव्हा बारा वर्षांची होते आणि हे वाक्य मला पाढ्यासारखं पाठ होतं.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले यहुदी. निगडीत आमचं एकच घर. गल्लीतले काही लोक आम्हाला ख्रिश्चन समजायचे, काही मुसलमान, आणि दूधवाल्यानं तर आई कपाळाला कुंकू लावत नाही एवढ्यावरून आम्हाला थेट आर्यसमाजी करून टाकलं होतं, कुठून ते त्याचं त्याला माहीत. त्यात गंमत अशी की कारखान्यांची सुट्टी गुरुवारी आणि आमचा देव विसावा घ्यायचा शनिवारी, त्यामुळे पप्पांचं अर्धं आयुष्य पाळ्या बदलून मागण्यात गेलं. सणांची नावं मात्र आमची अस्सल मराठी. वर्ष सुरू व्हायचं तो नव्याचा सण. मग नव्या तांदळाची नारळाच्या दुधातली खीर, तो खिरीचा सण. नव्याच्या सणापासून दहाव्या दिवशी दारफाळणी. त्या दिवशी घराचं दार बंद. गरम पाण्यानं आंघोळ, मग गार पाण्याचे तांबे, पांढरे धुवट कपडे, आणि आदल्या संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशी आकाशात तीन चांदण्या दिसेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही, बाहेरच्या कुणाशी बोलणं नाही. वर्षभराच्या वागण्याचा निवाडा त्या दिवशी वर लिहिला जातो आणि सूर्य बुडाला की दरवाजे मिटतात, असं आम्हाला सांगितलेलं. आमच्या शेजारच्या सोनकांबळे मावशी दर वर्षी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत फोडणी घालत नसत. "लेकरं उपाशी हायेत भिंतीपल्याड, वास कशाला द्यायचा," म्हणायच्या. त्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं. अशी माणसं मला पुढं फार भेटली नाहीत.

एरवी दारफाळणीला आम्ही पुण्याला कॅम्पातल्या प्रार्थनामंदिरात जायचो. त्या वर्षी आई नळावर घसरली आणि तिचा उजवा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये गेला, म्हणून सण घरीच करायचा ठरला. प्रार्थना म्हणायला अलिबागेकडून पप्पांचे मामा आले. एलोजी आजोबा. उंच, बोळक्या तोंडाचे, खांद्यावर पंचा, आणि आवाज असा की कुजबुजले तरी गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल. तरुणपणी ते गावोगाव आमच्या नबींची कीर्तनं करायचे. नबी म्हणजे देवाचा निरोप घेऊन येणारा, आणि आजोबांच्या मते जगातलं सगळ्यात वाईट काम तेच. "पोस्टमन तरी मनिऑर्डर आणतो कधी," ते म्हणायचे, "या बिचाऱ्यांकडं कायम समन्सच."

पण त्या वर्षी घरात सणाची हवा नव्हती, कारण रामकाकांचं नाव घरात घ्यायचं नाही असा हुकूम झाला होता. रामकाका कंपनीत ग्राइंडिंगच्या मशीनवर होते, पप्पांच्या टेबलापासून दहा पावलांवर. चाकणजवळच्या एका खेड्यातले शेतकरी, आमच्या मागच्याच गल्लीत भाड्यानं राहायचे. त्यांची शैला माझ्या वर्गात. पप्पा आणि ते एकाच बसनं जायचे, एका डब्यात जेवायचे, आणि रामकाका दर दिवाळीला आमच्याकडे गावाकडचे कांदे आणून टाकायचे. मग नव्याचा सण आला. त्या आठवड्यात पप्पांची दुसरी पाळी होती, अर्ध्या पाळीची सुट्टी घेऊन ते संध्याकाळीच पुण्याला प्रार्थनेला गेले, आणि चौथ्या दिवशी माल परत आला. पाच पेट्या पिना, सगळ्या मापाच्या खाली, आणि सगळ्यांवर पप्पांच्या सहीचा हिरवा ओके टॅग. चौकशी झाली. रामकाकांनी सांगितलं की टेबलावर जुन्या पेट्यांचे उतरवलेले टॅग पडले होते, तेच मी उचलून लावले. त्यांना तीन दिवस घरी बसवलं. पप्पांना टॅग इकडंतिकडं टाकल्याबद्दल ताकीद मिळाली. महिनाभरात फोरमनची जागा भरायची होती, यादीत पप्पांचं नाव पहिलं होतं आणि आता काय होईल ते कुणालाच माहीत नव्हतं.

पप्पा घरी येऊन फक्त एवढंच म्हणाले, "राम स्क्रॅप आहे. विषय संपला."

आईनं प्लास्टरचा पाय उशीवर सरकवला आणि विचारलं, "पंधरा वर्षांच्या सोबतीचा माणूस एका दिवसात?" पप्पा उठून बाहेर गेले. मला आईचा राग आला, खरं सांगते. माझ्या पप्पांचं नाव खराब करणाऱ्या माणसाची बाजू कसली घ्यायची? मी शैलाशी बोलणं टाकलं. निवाड्याच्या दिवशी देव रामकाकांचं काय ते बघून घेईल, अशी मला खात्री होती आणि मी त्याची, आता लाज वाटते, पण वाट बघत होते.

शैलाच शेवटी शाळेच्या नळावर माझ्यासमोर येऊन उभी राहिली. वडिलांना ती दादा म्हणायची. म्हणाली, "आमचे दादा नीट जेवत न्हाईत. सारखं म्हणतात शालोमरावांची माफी मागायची हाय, पण तुझे पप्पा दादांना बघितलं की रस्ता बदलतात." मी जरा तोऱ्यातच तिला आमचा नियम सांगितला. देवाच्या बाबतीत चूक झाली तर देव माफ करतो, पण माणसाच्या बाबतीत झाली तर आधी त्या माणसाकडे जावं लागतं, मगच देव ऐकतो. आणि हे सगळं दारफाळणीपर्यंत. त्या दिवशी सूर्य बुडाला की संपलं, दरवाजे बंद. आता 'पर्यंत' म्हणजे आदल्या दिवसापर्यंत, हे सांगायचं माझ्याकडून राहिलं. शैलानं घरी जाऊन काय सांगितलं ते देव जाणे. रामकाकांनी त्याचा अर्थ असा घेतला की माफी मागायचा मुहूर्तच दारफाळणीचा आहे.

तर दारफाळणीच्या दिवशी दुपारी, आम्ही सगळे पांढऱ्या कपड्यांत सतरंजीवर, आई खाटेवर, दार-खिडक्या लावलेल्या, ऑक्टोबरचा उकाडा, आणि माझा आयुष्यातला पहिला पुरा उपास. जीभ टाळूला चिकटली होती. दानी आठ वर्षांचा, त्याला उपास माफ होता, तरी तो चपातीचा रोल न्हाणीत लपून खायचा आणि येऊन माझ्यासमोर ओठ पुसायचा. एवढ्यात बाहेर सायकल लागल्याचा आवाज आला. काहीतरी जड धप्पकन पायरीवर टेकलं. कडी वाजली.

"शालोमराव. म्या हाय. राम."

आमच्यातलं कुणी हललं नाही. बोलायचं नव्हतंच. पप्पांची नजर पुस्तकावर होती पण पान उलटत नव्हतं. मग रामकाका स्वतःशीच म्हणाल्यासारखं बोलले, "अरं हां. आज तुमी बोलत न्हाई. असू द्या, असू द्या. म्या बसतो हितंच. तुमची काय ती येळ झाली की उघडा." खिडकीच्या फटीतून मी पाहिलं. कांद्याचं पोतं बाजूला ठेवून ते पायरीवर बसले होते, दाराकडे पाठ करून. आमचा सण दार लावून असतो, आत बघायचं नसतं, म्हणून आपणच तोंड फिरवून बसावं असं त्यांनी ठरवलं होतं. टोपी, धुतलेला सदरा, मानेवर घाम. सोनकांबळे मावशी पाणी घेऊन आल्या तर म्हणाले, "नको बाई. यांचा उपास, म्हणून म्याबी धरलाय."

आई खाटेवरून कुजबुजली, "अहो, उन्हात बसलाय तो."

पप्पांनी पान उलटलं.

तासाभरानं गंमत झाली. रामकाकांनी सायकलचा डबा काढला, झाकण उघडलं, आणि दाराच्या फटीतून साबुदाण्याच्या खिचडीचा वास आत आला. तूप, जिरं, दाण्याचं कूट. सकाळपासून सोनकांबळे मावशींनी फोडणी राखून आमच्यावर जे उपकार केले होते ते त्या एका डब्यानं धुऊन नेले. त्यांचा उपास होता ना, मग उपासाचं खाणारच. माझ्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. दानी म्हणाला, "आजोबा, काकांचा उपास आणि आपला उपास एकाच देवाचा का?"

"देव एकच रे बाबा," आजोबा म्हणाले. "आचारी वेगळे." आणि आई इतकी हसली की प्लास्टर खाटेच्या दांडीवर आपटलं.

ऊन उतरायला लागलं तशी योना नबीची वेळ झाली. दारफाळणीच्या दुपारी ही कथा वाचायचीच असते. आजोबांनी आधी हिब्रूत वाचली आणि मग आमच्यासाठी मराठीत लावली, कीर्तनाच्या थाटात, पत्र्याच्या ट्रंकेवर ठेका धरून. देवानं योनाला सांगितलं, निनवे शहरात जा, तिथं लोक माजलेत, त्यांना सांग की निवाडा येतोय. योनानं काय केलं? नेमून दिलेलं काम टाकलं आणि उलट्या दिशेच्या जहाजात जाऊन बसला. पुढं वादळ, मासा, माशाचं पोट, सगळं झालं. शेवटी गेला निनवेला, निरोप दिला. आणि झालं उलटंच. तिथले लोक घाबरले, सुधारले, राजासुद्धा राखेत बसला. देवानं त्यांना सोडून दिलं. "आणि आपला नबी?" आजोबांनी ठेका थांबवला. "फुगून बसला. गावाबाहेर जाऊन बसला, शहर जळतंय का बघत. त्याला न्याय हवा होता. दुसऱ्याचा. स्वतः जहाजातून पळाला होता ते तो केव्हाच विसरला."

माझी अक्कल तेव्हा उपाशी होती, म्हणूनच कदाचित चालली. मी म्हटलं, "म्हणजे निनवे रीवर्कला गेलं."

आजोबांना कंपनीची भाषा येत नव्हती, पण त्यांनी मान हलवली. मी पप्पांकडे बघितलं आणि तोंडातून निघून गेलं, "मग रामकाका डायरेक्ट स्क्रॅप का, पप्पा?"

आता थप्पड बसणार असं वाटलं. पप्पांनी मला कधी मारलं नव्हतं, पण तो चेहराही मी कधी पाहिला नव्हता. ते उठले. दाराशी गेले. कडी काढतील असं वाटलं पण त्यांनी कडीला हात लावला नाही. ते तिथंच खाली बसले, पांढऱ्या कपड्यांत, फरशीवर, दाराला पाठ टेकून. बाहेर रामकाकांची पाठ, आत पप्पांची, मध्ये पाऊण इंच लाकूड.

"राम," पप्पा म्हणाले.

बाहेर डबा खाली ठेवल्याचा आवाज आला. "जी."

"तू ते जुने टॅग उचलले असं साहेबांना का सांगितलंस?"

"आता काय सांगायचं व्हतं मग?"

"ते जुने नव्हते. कोरे टॅग होते. मी सही करून तुझ्या हातात दिले होते." पप्पा आमच्याकडे बघत नव्हते. "माझा बदली तपासनीस आला नव्हता. तो येईपर्यंत थांब म्हणून साहेबांनी सांगितलं होतं मला. मला प्रार्थनेची बस गाठायची होती. पाच टॅगवर सह्या केल्या आणि निघून गेलो. देवाच्या दारात वेळेवर पोचायला हवं होतं ना मला."

न बघता सही करणं हे आमच्या घरात चोरीपेक्षा मोठं पाप होतं.

"तुमी सांगितलं व्हतं गेज लावून माप बघ म्हून," रामकाका बाहेरून म्हणाले. "म्या न्हाई लावला. मशीनचं चाक झिजलं व्हतं, त्येबी बघितलं न्हाई. गप्पा हाणत टॅग बांधत ग्येलो. म्हून तर आलोय माफी मागाया. आन तुमचं नाव कशाला घ्यायचं? सायबानं तुमाला घरी बसवलं असतं, फोरमन तर लांबच ऱ्हायलं."

"तू वाचवलंस मला. आणि तुझं तोंड बघवेना म्हणून मी तुला स्क्रॅप केलं." पप्पांनी डोकं मागं दाराला टेकवलं. "माफ कर, राम. उद्या मी साहेबांना खरं सांगतो. तुझ्या नावावरचा तो डाग माझा आहे."

"जाऊ द्या की. मिटलंय."

"नाही मिटलं. सूर्य बुडायच्या आत तू 'हो' म्हण."

मी खिडकीकडे पाहिलं, उजेड पिवळा झाला होता. शेवटी रामकाका म्हणाले, "व्हय. पण म्याबी मागितलीय, त्याचं काय?"

"हो," पप्पा म्हणाले. "हो रे."

योनानंतर मीखा नबीच्या तीन ओळी वाचायच्या असतात. देव राग धरून बसत नाही, आपली पापं समुद्राच्या तळाशी टाकून देतो आणि वाडवडलांना दिलेला शब्द पाळतो, अशा अर्थाच्या. आजोबा त्या नेहमी आमच्याकडे तोंड करून वाचत. त्या दिवशी ते दाराकडे तोंड करून उभे राहिले आणि मराठीत, त्या कीर्तनाच्या आवाजात, अशा वाचल्या की गल्लीत खेळणारी पोरं थांबली. राग न धरणारा नक्की कोण, आत बसलेला की बाहेर बसलेला, हे मला त्या वयातही कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

तीन चांदण्या दिसल्याची बातमी न्हाणीच्या खिडकीतून दानीनं दिली. पप्पा उठले, धोतर झटकलं आणि कडी काढून एका झटक्यात दार आत ओढलं. रामकाका दाराला टेकूनच बसले होते, बहुतेक डुलकी लागली होती. ते तसेच उताणे आमच्या घरात आले. पायरीवरचं पोतं कलंडलं, कांदे खोलीभर गडगडले, एक थेट आईच्या खाटेखाली. टोपी एकीकडे, टिफिन दुसरीकडे, आणि जमिनीवर पडल्या पडल्या पप्पांच्या पायांकडे बघून रामकाका म्हणाले, "उपास सुटला का राव?" पप्पांनी त्यांना हाताला धरून उठवलं आणि सोडलं नाही. मोठी माणसं अशी रडतात हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. आई म्हणत होती, "अहो, त्याला पाणी तरी द्या आधी," आणि स्वतःच पदरानं डोळे पुसत होती. मग भिंतीपलीकडून सोनकांबळे मावशींची फोडणी तडतडली.

पप्पांनी दुसऱ्या दिवशी खरं सांगितलं. फोरमनची जागा गेली आणि ती मिळायला पुढं सहा वर्षं लागली. आईनं त्यावर एकदाच शेरा मारला, "माप बसलं एकदाचं," आणि त्या दिवसाची भाकरी मुद्दाम थोडी करपवली. आमच्याकडे दारफाळणीचा दुसरा दिवस शिळा सण, भेटीगाठींचा. त्या वर्षी आम्ही सगळे, आईला खुर्चीत बसवून उचलून, मागच्या गल्लीत शैलाकडे गेलो. मी शैलाला सॉरी म्हटलं. ती म्हणाली, "आधी खिचडी खा."

आता पप्पा नाहीत, आई नाही, एलोजी आजोबा तर केव्हाच गेले. दानी परदेशात. मी पुनावळ्यात सातव्या मजल्यावर राहते, जिथं मी लहान असताना नुसती शेतं होती. आमच्या लोकांत म्हणतात, नबींचं ऐकायला कान लागतो. मला वाटतं, आमच्या घरी तरी ते दाराला टेकलेल्या पाठीनं ऐकलं. दारफाळणी मी अजून पाळते, एकटी. आणि दर वर्षी त्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला खालून वॉचमनचा इंटरकॉम वाजतो. मी उचलत नाही. नवा वॉचमन असला की घाबरून वर येतो आणि बंद दाराबाहेरून ओरडून सांगतो, "मॅडम, एक आजोबा तुमच्या दाराकडं पाठ करून बसलेत, हलतच नाहीत." जुन्याला माहीत झालंय, तो त्यांना प्लास्टिकची खुर्ची आणून देतो. थोड्या वेळानं फटीतून साबुदाण्याचा वास येतो. मग मी योना नबीचं पुस्तक घेऊन दाराशी जाते, फरशीवर बसते, आता गुडघे कुरकुरतात तरी बसते, पाठ टेकते आणि मोठ्यानं वाचते. मधेच बाहेरून "व्हय" ऐकू येतं.

चांदण्या दिसल्या की मी उठते आणि कडी काढते. दार मात्र हळू उघडते, अगदी हळू. रामकाकांनी आता ऐंशी ओलांडलीय, पडायला नकोत.